पट्टीवाल्या बाईची पाठ

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६. चिंचणी, शाळेमागचं मैदान. कबड्डीचा सामना, दुपारचा.

हजर: आमच्या संघाच्या बारा मुली. कप्तान सुरेखा, मुरबे या कोळी गावची. प्रशिक्षक दत्ताराम मास्तर. माझी मुलगी शुभा, तेव्हा नववीत, पाण्याच्या कळशीपाशी. भुशात गुंडाळलेल्या बर्फाचं पोतं. आणि मी, कुसुम, वय चव्वेचाळीस, संघाची पट्टीवाली बाई.

गैरहजर: कुणी नाही. त्या दिवशी सगळे होते म्हणून बरं झालं.

उत्तरार्धात बेबी चढाईला गेली आणि तिघींनी तिला मधल्या रेषेजवळ धरलं. ती कोपरावर पडली. पंचांची शिट्टी झाली तशी मी पिशवी घेऊन धावले. तिच्या शेजारी गुडघे टेकले, खांदा चाचपला. हाड जागेवर होतं. हात गळ्यात बांधला आणि म्हटलं, "ऊठ, काही तुटलेलं नाही."

बेबी उठली. मला उठता येईना.

पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, जबर कळ आली. मी मातीत कुशीवर आडवी झाले. साडीच्या काठाखाली माझे पाय मला दिसत होते. त्यांना मी सांगत होते, हला. ते जरासे हलले, पण कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

"बाईंना चक्कर आली! उठवा, उठवा!" कुणीतरी माझ्या काखेत हात घातला.

"हात लावू नका!" मी ओरडले. मैदानात मुलगी पाठीवर पडली की मी हेच ओरडत असे. "सुरेखा, फळा आण."

फळा म्हणजे गुण लिहायचा काळा फळा, तिकाटण्यावर ठेवलेला. यजमान गावचे गुणलेखक तो सोडेनात. "अहो, गुण पुसले जातील!"

"गुण माज्या डोक्यात हायेत," सुरेखा म्हणाली. "फळा सोडा."

उचलायचं कसं ते मी खालून सांगितलं. एक खांद्याशी, एक कमरेशी, एक गुडघ्यांशी, एक डोकं धरायला. मी 'चला' म्हटलं की सगळ्यांनी एकदम. दर उन्हाळ्यात मुली हा सराव एकमेकींवर करायच्या आणि हसून हसून लोळायच्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही. उचललं मात्र अगदी शिकवलं होतं तसं.

बर्फ आणलेल्या टेम्पोतूनच मला पालघरला नेलं. चालक बोईसरकडचा, हिंदी बोलणारा. "बहनजी, एक भी गड्ढा नहीं लगने दूँगा," म्हणाला, आणि बराचसा शब्द पाळला. शुभा माझ्या डोक्याशी बसली होती. तिनं रिकामी कळशी पालघरपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

निघताना मी मास्तरांना सांगितलं होतं, सामना थांबवू नका. तो आम्ही हरलो. मला ते बरेच दिवस कुणी सांगितलं नाही.

हे काम काय असतं

आजाराकडे वळण्याआधी हे सांगायला हवं. माझं आजारपण या कामातच लपून वाढलं.

दिवसा मी बोईसरच्या एका कारखान्यात प्रथमोपचार खोलीत परिचारिका होते. भाजलेले हात, डोळ्यात गेलेले कण, चेंगरलेली बोटं. कामाची पाळी संपली की पालघरला मैदानावर. एका उन्हाळी शिबिरात खेळाडूंच्या दुखापतींचं थोडं शिक्षण घेतलं होतं, बाकीचं मुलींच्या घोट्यांनी शिकवलं. स्पर्धेच्या अर्जावर खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक असे तीनच रकाने असत. मी कशातच बसत नसे, म्हणून मला व्यवस्थापक लिहीत. मुली पट्टीवाली बाई म्हणत.

सामन्याआधी: सगळ्यांची नखं पाहायची, वाढलेली कापायची. बांगड्या, पैंजण काढून माझ्या डब्यात. जिचा घोटा कच्चा तिला ओळीत बसवून, पावलं वर करून पट्ट्या. कोण सकाळपासून उपाशी आहे ते शोधून तिच्या हातात केळं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. सामन्यात: कडेला बसून पायांकडे बघायचं. लोक चढाई बघतात, मी ती परत आल्यावर कुठल्या पायावर भार देते ते बघत असे. सामन्यानंतर: बर्फ.

बर्फावरून आमची भांडणं ठरलेली. मुरब्याला बोटींसाठी बर्फ येतो, तेव्हा तो मिळायला अडचण नव्हती. अडचण आज्यांची होती. मुरगळलेल्या पायाला गरम तेल चोळायचं, ही घराघरांतली रीत. बेबीची आजी एकदा मैदानावर येऊन मला म्हणाली, "पाय मुरगळला नि बर्फात घालतेस? पोरगी हाय ती, पापलेट नाय!"

माझा सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र जोडीचा होता. खेळाडूला "दुखतं का?" असं विचारायचंच नाही. उत्तर एकच येतं: "नाय बाई." बाहेर बसावं लागेल या भीतीनं मुलगी तुटलेल्या बोटानंही हसून दाखवते. म्हणून मी जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकीवर दुसरीची जबाबदारी. ती बसमधून उतरताना कुठला पाय आधी टाकते, मासळी निवडायला उकिडवी बसते की पाय पसरून, पाण्याचा हंडा कुठल्या बाजूला घेते, हे जोडीदारानं पाहायचं आणि मला सांगायचं. जोडीदार सांगेल ते खरं. मग चाचणी: एका पायावर उभं राहणं, उकिडवं बसून हात न टेकता उठणं, उड्या, ओझं, आणि शेवटी धाव. पुरी झाली तर मी म्हणायची, "उतर." नाहीतर, "बस." त्यावर मास्तरांचंही चालत नसे.

बारा मुलींच्या सहा जोड्या. तेराव्या माणसाला जोडी नव्हती.

मी माझ्यावर काय उपचार केले

पाठ पावसाळ्यातच दुखू लागली होती. मी स्वतःला तपासलं आणि स्नायू धरलाय असं ठरवलं. आमच्या कामातली माणसं प्रत्येक दुखणं आधी स्नायूत शोधतात. शेक दिला, मलम लावलं, परकरावरून रुंद पट्टा घट्ट आवळला. एखाद्या मुलीसाठी केलं असतं ते सगळं केलं. फक्त तिला मी खेळायला उतरवलं नसतं, आणि मी रोज उतरत होते.

संध्याकाळी अंगात कसर असायची. वाटायचं, धावपळीनं असेल. पोलकी सैल झाली. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, "कुसुमताई, बारीक झालात, छान दिसता." मला बरं वाटलं.

आणि मी पिशवी कमरेतून वाकून उचलेनाशी झाले. पाठ ताठ ठेवून, उकिडवी बसून उचलायची. हे सुरेखानं पाहिलं होतं. पुढे इस्पितळात ती मला म्हणाली, "बाई, मी म्हटलं तुमी आमाला दाखवताय. वजन कसं उचलायचं ते. आमी समद्या तशाच उचलायला लागलो."

खरंच, त्या दिवसांत आमचा सगळा संघ पाठ ताठ ठेवून पिशव्या उचलत होता, आणि मास्तर मला म्हणाले होते, "बाई, मुलींना शिस्त चांगली लावलीत."

निदान

पालघरच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचं चित्र खिडकीपुढे धरलं. माझे यजमान पाळीवरून तसेच, तेलकट कपड्यांत आले होते. डॉक्टर तरुण होते, आवाज मात्र शांत.

"मणक्याचा क्षय आहे," ते म्हणाले.

यजमान म्हणाले, "हिला खोकला नाही कधी."

"क्षय हाडातही होतो. दोन मणके खराब झालेत, त्यांचा दाब पायांकडे जाणाऱ्या नसांवर आहे."

मी विचारलं, "चालेन का?"

"पायात अजून थोडी ताकद आहे. आशा धरायला जागा आहे. औषधं लांब चालतील आणि पाठ अजिबात हलवायची नाही. मग बघू."

"मैदानावर धावेन का?"

यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिच्या डोक्यात ताप गेलाय. डॉक्टर म्हणाले, "आधी डोकं न उचलता जेवायला शिका."

मी दुखण्याला घाबरले नव्हते. मी घाबरले ते एका हिशेबाला. शिट्टी झाल्यावर पडलेल्या मुलीपर्यंत सगळ्यांच्या आधी पोचणं हे माझं काम. तिला कुणी चुकीचं उचलण्याआधी. धावता आलं नाही तर पट्टी बांधणाऱ्या बायका गावात पुष्कळ आहेत. तपासणीच्या मेजावर पडल्या पडल्या मी मनात ठरवलं: चालणं इतरांसाठी, धावणं माझ्यासाठी. दोन्ही परत आणायचं.

फळीवरचे दिवस

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मला गादीखाली फळी घालून उताणं झोपवलं. तिथला दिवस असा: पहाटे अंग पुसणं. इंजेक्शन. लालभडक गोळी, जिनं लघवीही केशरी होते. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतं, म्हणून मी सांगते. डॉक्टरांची फेरी. जेवण, आडव्यानं, मान वळवून. कूस बदलायची ती दोघींनी मिळून, ओंडका वळवावा तशी. भेटीची वेळ. पुन्हा गोळ्या.

फेरीला डॉक्टर रोज पायाच्या अंगठ्याला बोट लावून म्हणत, "वर घ्या." मी सगळा जोर लावायची. अंगठा थोडा थरथरायचा. मैदानावर मी मुलींना म्हणत असे, "हलतंय ना, मग काय रडायचं!" ते किती कोरडं वाक्य आहे ते मला तिथे कळलं.

सगळ्यात वाईट वेळ भेटीनंतरची. माणसं निघून जायची, डबे रिकामे व्हायचे आणि छतावरचा पंखा तेवढा उरायचा. तेव्हा मी रडले आहे. तोंडावर पदर घेऊन, पाठ न हलवता. तेही शिकावं लागतं.

लहान उपकारही नोंदवते. यजमानांनी कारखान्यातून मोटारीचा जुना बाजूचा आरसा आणून खाटेला बांधला, त्यामुळे मला दार आणि खिडकीबाहेरचं बदामाचं झाड दिसू लागलं. वॉर्डातल्या आयाबाईंनी माझे केस विंचरताना कधी घाई केली नाही. शेजारच्या खाटेवरच्या वसईच्या मावशी रोज दुपारी विचारायच्या, "काय बये, अंगठा काय म्हणतो?"

सुरेखा पहिल्यांदा भेटायला आली ती हातात शहाळं घेऊन, आणि दारातूनच अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडत.

"बाई, तुमची जोडी कोन?"

"मला कशाला जोडी?"

"म्हनूनच ह्यो परसंग आला." ती खाटेच्या कडेला टेकली. "आता मी. मास्तरांना सांगितलंय."

मी हसले. मला वाटलं, माया करतेय पोरगी.

थंडी सरता सरता एका सकाळी डॉक्टर "वर घ्या" म्हणाले आणि अंगठा वर गेला. थरथरत नाही, चक्क वर. त्यांनी बोटानं दाबून धरला तरी तो तिथेच राहिला. वसईच्या मावशींनी टाळी वाजवली.

घरी, आणि कपाचा दोरा

होळीच्या आधी मला घरी सोडलं. पाठीला कडक पट्टा, पण तो आधाराला. पडून राहण्याची सक्ती तशीच होती, फक्त खोली बदलली. पालघरच्या घरात बाहेरच्या खोलीत फळीची खाट टाकली.

घर माझ्याशिवाय चालत होतं, आणि वाईट चालत होतं. यजमान पाळी करून स्वयंपाक करायचे. सासूबाई पंचाहत्तरीच्या, त्या कुरकुरत भाकरी थापायच्या. शुभा शाळेतून येऊन धुणं करायची आणि बोलायची नाही. एकदा मी तिला म्हटलं, "चादर नीट पिळ, कोपरा टपकतोय."

तिनं बादली खाली आपटली. "त्यांच्या पायांना पट्ट्या बांधत फिरलीस. तुझी पाठ दुखतेय हे मला पण नाही सांगितलंस. आता चादरीचा कोपरा दिसतो तुला!"

ती बाहेर गेली. बऱ्याच वेळानं आत येऊन तिनं चादर पुन्हा पिळली. आजारी माणसानं हे लक्षात ठेवावं: घरच्यांचा राग ही बहुतेक वेळा भीतीच असते. तिला समजावायला जाऊ नये. थांबावं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की माझ्या हाडातला आजार कपबशीतून कुणाला होणार नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. शेजारच्या बायका उंबऱ्यातूनच चौकशी करू लागल्या. शुभाची मैत्रीण अभ्यासाला येईनाशी झाली. हे मला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

मुली मात्र यायच्या, दोघीदोघी, आळीपाळीनं. एकदा बेबीनं बोलता बोलता माझा उरलेला चहा उचलून पिऊन टाकला. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं पोरी, तो दोऱ्याचा कप!"

बेबीनं दोऱ्याकडे पाहिलं. "आजी, माज्या मांडीवर गजकर्ण झालेलं तवा बाईंनी हातानं मलम लावलं. ते त्यांना नाय लागलं. मग चा कसा लागंल?"

"डॉक्टरीण आली मोठी," सासूबाई म्हणाल्या.

दोरा काही त्यांनी सोडला नाही. पण त्यानंतर कोण कुठल्या कपातून पितं ते विचारायचं सोडलं. एवढ्यावर मी समाधान मानलं.

चुगली

पाय बरे वाटू लागले तसा माझा धीर सुटला. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. अंगणात वाळत घातलेले पापड कावळे उचलत होते. मी उठले. भिंत धरून दारापर्यंत गेले, कावळे हाकलले, सूप आत ओढलं. वाकून. कुणी पाहिलं नाही असं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी पाणी घ्यायला उठले. मग रोज थोडी थोडी.

तपासणीला पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा सुरेखा बरोबर होती, मला धरायला.

"पूर्ण पडून असता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"नाय," सुरेखा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडेच बघत होती. "दारातून पाह्यलंय मी. भिंतीला धरून फिरतात. सूप वाकून उचललं. उजव्या पायावर भार कमी देतात आनि वळताना ओठ चावतात. मी ह्यांची जोडी हाय."

"जोडी म्हणजे?"

"म्हंजे ह्या बोलतात ते खरं नाय, मी बोलते ते खरं. नियम ह्यांचाच हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नवीन चित्र काढायला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नुकसान झालेलं दिसत नाही. पण मणका अजून कच्चा आहे. असंच चाललं तर पाय पुन्हा जातील, आणि मग मी कुठलंच आश्वासन देणार नाही." पडून राहण्याची मुदत वाढली.

परतताना रिक्षातून घरी उतरल्यावर मी सुरेखाला म्हटलं, "चुगलखोर आहेस तू."

"हाव," ती म्हणाली. "मागल्या वर्साला मी गुडघ्याचं लपवलं तवा माज्या जोडीनं, मंदानं, माजी चुगली केली. मी तिला काय काय बोलले. तवा तुमी काय म्हनालात?"

मी म्हणाले होते, 'मंदाच्या पाया पड, तिनं तुझा गुडघा वाचवला.'

"तुझ्या पाया पडायला मला वाकता येत नाही," मी म्हटलं.

"वाकायचंच नाय. म्हनूनच तं सांगितलं," ती म्हणाली, आणि मला धरून खाटेवर निजवलं.

त्यानंतर मी उठले नाही. कावळ्यांनी पापड नेले. नेऊ दिले.

तुम्ही या वाटेवर असाल तर

ज्यांच्या हातात हे पडेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, तर मलम चोळत बसू नका, क्ष-किरणाचं चित्र काढा. गोळ्या बरं वाटल्यावर सोडू नका. मला बरं वाटत होतं तेव्हाच त्या सगळ्यात जास्त लागत होत्या. मळमळ होते, ती कमी होते. खाटेशी हात पोचेल अशा टोपलीत पाणी, रुमाल, कंगवा, गोळ्या आणि एक घंटी ठेवा, म्हणजे हाक मारून घसा सुकत नाही. आणि एक माणूस ठरवा, जो तुमच्याबद्दल खरं बोलेल. घरचा नको. घरचे तुमच्या डोळ्यांकडे बघून गप्प बसतात.

चाचणी

नारळी पौर्णिमा झाली, मुरब्याच्या बोटी समुद्रात गेल्या, तेव्हा मी घरात काठीनं चालत होते. दिवाळीनंतर काठी सुटली. थंडीत कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत अर्ध्या दिवसाच्या कामावर परत घेतलं. मग गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. हळूहळू सगळं करा, उड्या तेवढ्या नकोत."

मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. पट्ट्या, कात्री, चिकटपट्टी, बांगड्यांचा डबा. मैदानावर पोचले तर सुरेखा कडेला हात पसरून उभी.

"चाचनी?"

"डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात."

"डॉक्टर उतरवत नाय. संघात कोन उतरवतं?"

मास्तर दुसरीकडे बघत मिशीत हसत होते. बारा मुली ओळीत बसल्या, जशा मी त्यांना बसवायची. मागून बेबी ओरडली, "बाई, आधी नखं दाखवा!" मी नखं दाखवली. बांगड्या काढून डब्यात टाकल्या.

एका पायावर उभं राहणं: झालं. उजव्यावर जरा डुलले, पण झालं. उकिडवं बसून हात न टेकता उठणं: दुसऱ्या खेपेस झालं. उड्या डॉक्टरांनी मना केल्या होत्या. सुरेखानं त्या वगळल्या. भरलेली पिशवी खांद्याला घेऊन मैदानाला फेरी: झाली.

मग सुरेखा मधल्या रेषेवर गेली आणि मातीत आडवी पडली, बेबी पडली होती तशी कोपरावर. तिथून म्हणाली, "या."

मास्तरांनी शिट्टी वाजवली.

मी निघाले. पहिली काही पावलं खरंच धाव होती. कान थंड झाले, पदर मागे उडाला, आणि मला वाटलं, आलं परत. मग पावलं एकमेकांत अडकू लागली. डावं पाऊल मनात होतं तिथे पडेना. पडले नाही, पण जे चाललं होतं त्याला धावणं म्हणता आलं नसतं.

सुरेखा उठून बसली. "थांबा."

"जमतंय मला," मी म्हटलं. "काही दुखत नाही."

सगळा संघ खो खो हसला. ओळखीचं वाक्य होतं ते; त्या बाराही जणींनी ते मला केव्हा ना केव्हा ऐकवलेलं. हसणाऱ्यांत कळशीपाशी उभी शुभाही होती. मीही हसले, धापा टाकत, गुडघ्यांवर हात ठेवून.

"बसा, बाई," सुरेखा म्हणाली.

मी कडेला जाऊन बर्फाच्या पोत्याशेजारी बसले. तो माझाच नियम होता आणि तो बरोबर होता. धडपडत पोचणारी बाई जखमी मुलीवर पडते, आणि मग फळ्यावर दोघींना उचलावं लागतं.

आज

मी पुन्हा संघात आहे. घोटे बांधते, नखं कापते, आज्यांशी बर्फावरून भांडते. पिशवी अजूनही उकिडवी बसूनच उचलते, आणि आता ती खरोखर शिकवण आहे. शिट्टी झाली की सध्या बेबी धावते. तिचा खांदा पुन्हा दुखावला म्हणून ती राखीव आहे. ती पडलेल्या मुलीपाशी बसते, कुणाला हात लावू देत नाही, आणि मी चालत पोचेपर्यंत मला तिथूनच ओरडून सांगते, कुठे लागलंय आणि बोटं हलतात का. चालत पोचायला मला आवडत नाही.

दर रविवारी सराव संपला, मुली बांगड्या घ्यायला डब्याभोवती जमल्या, की सुरेखा मधल्या रेषेवर जाऊन मातीत आडवी पडते. मास्तर शिट्टी तोंडात धरतात. मागच्या रविवारी मी निम्म्याच्या पुढे गेले.

झालेली कामं: चालणं, जिना, अर्ध्या दिवसाची पाळी, पिशवीसह फेरी.

राहिलेलं काम: शिट्टीबरोबर निघून, पिशवी खांद्याला, कडेपासून सुरेखापर्यंत धावत.